पावती जखमीच्या नावाने फाडू नका

अपघातात जखमी झालेल्याला पुढे नुकसानभरपाई मिळणारच असते, मग सरकारी दवाखान्याने त्याच्यावर फुकट उपचार का करावेत, असा प्रश्न विचारणारे लोक आहेत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. खाट, रक्त, सीटी स्कॅन, ऑपरेशन, प्लास्टर हे सगळे करदात्याच्या पैशातून होते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण वैद्यकीय खर्च वेगळा मंजूर करते. तेव्हा भरपाईचा हक्क असलेल्या रुग्णाकडून रुग्णालयाने पूर्ण शुल्क घ्यावे, तो ते पुढे वसूल करील. आयर्लंडने 1986 साली कायदा करून रस्त्यावरच्या अपघातातील अशा जखमींवर शुल्क लावलेही आहे.

या म्हणण्यातला अर्धा भाग खरा आहे. चूक ज्याची, खर्च त्याचा, हे तत्त्व मला पूर्ण मान्य आहे. पण तो खर्च जखमीच्या हातून वसूल करायचा, हा उरलेला अर्धा भाग अन्यायाचा आहे, आणि छत्रपती संभाजीनगरात तो किती अन्यायाचा ठरेल हे घाटीच्या, म्हणजे इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या, अपघात विभागात जाऊन आलेल्या कोणालाही कळेल.

15 ऑक्टोबर 2023 ची घटना घ्या. मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ भाविकांची गाडी ट्रकवर आदळली. 12 जण गेले, वीसहून अधिक जखमी झाले आणि त्यातल्या अनेकांना घाटीत आणले गेले. त्या पहाटे त्यांच्यातला भरपाईला पात्र कोण होता? कायद्याच्या पुस्तकात कदाचित सगळेच. प्रत्यक्षात मात्र आधी गुन्हा नोंदवला जातो, पंचनामा होतो, मग विमा कंपनी चालकाचा परवाना तपासते, गाडीचा परमिट तपासते, दोष दोन्ही गाड्यांत वाटून मागते. अदालत रोडवरच्या जिल्हा न्यायालयात तारखा पडत राहतात. न्यायाधिकरणाने निकाल दिला तरी कंपनी अपिलात जाऊ शकते. भरपाईचा हक्क हा असा वर्षानुवर्षे लांबत जाणारा हक्क आहे. तो गृहीत धरून आज रोख रक्कम मागणे म्हणजे नातेवाइकांना सावकाराच्या दारात उभे करणे. मिळकत बंद पडलेल्या घराने कर्ज काढायचे, त्याचे व्याज भरायचे आणि सरकारने मात्र आपला हिशेब त्याच दिवशी चुकता करून घ्यायचा, हे कोणत्या न्यायात बसते?

सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितले की जखमीचा जीव वाचवणे हे डॉक्टरचे पहिले कर्तव्य आणि कागदपत्रे त्यानंतर. मोटार वाहन कायद्याचे कलम 134 डॉक्टरांवर हीच जबाबदारी टाकते. जखमीच्या उशाशी वसुलीचा कागद आणणारी कोणतीही व्यवस्था या भूमिकेच्या विरोधात जाते.

आपल्या शहरात याला आणखी एक विचित्र पदर आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. चिकलठाण्याचे जिल्हा रुग्णालय, म्हणजे लोकांची मिनी घाटी, त्यात आले. घाटी वैद्यकीय शिक्षण विभागाची, म्हणून त्या निर्णयाबाहेर राहिली. डोक्याला जबर मार लागलेला माणूस मिनी घाटीतून घाटीकडे पाठवला की काही किलोमीटरांत त्याचे नियम बदलतात, आणि ज्याची जखम गंभीर त्यालाच पैशाची विचारणा होते. जालना, बीड, परभणी, बुलढाण्याहून येणाऱ्या माणसाला दोन खात्यांतली ही सीमारेषा समजावून सांगायची कोणी?

आता दुसरी बाजू. तीही तितकीच खोडून काढली पाहिजे, कारण ती दयेच्या भाषेत बोलते म्हणून तिच्याकडे कोणी नीट पाहत नाही. ही बाजू म्हणते, गरिबाचा दवाखाना आहे, फुकट आहे, मग बिल करायचेच कशाला?

बिल न केल्याने फायदा कोणाचा होतो ते पाहू. बीड बायपासवर एकाच ट्रकने दोघांना उडवले असे समजा. एकाला जालना रोडवरच्या खासगी रुग्णालयात नेले, दुसऱ्याला घाटीत. दोघांच्याही मांडीचे हाड मोडले, दोघांनाही रॉड बसला. पहिल्याचा वकील न्यायाधिकरणासमोर बिलांची जाड फाईल ठेवतो. दुसऱ्याकडे असते डिस्चार्ज कार्ड आणि बाहेरून आणलेल्या औषधांच्या दोनचार पावत्या. न्यायाधिकरण उपचाराचा खर्च बिले पाहून मंजूर करते. म्हणून दुसऱ्याच्या उपचारासाठी विमा कंपनीला जवळजवळ काहीच द्यावे लागत नाही. तो खर्च मात्र झालेला असतो. सर्जन, भूलतज्ज्ञ, परिचारिका, आठवडे अडलेली खाट, सगळ्याचे पैसे महाराष्ट्राच्या तिजोरीने मोजलेले असतात. म्हणजे ज्या कंपनीने याच जोखमीसाठी हप्ता घेतला, तिची देणेदारी सरकारी रुग्णालयाने परस्पर फेडून टाकली. जनआरोग्य योजनेतून घाटीला पैसे मिळतात, असे कोणी म्हणेल. ते पैसेही शासनाचेच, ट्रकच्या विमा कंपनीचे नव्हेत.

कारखान्यांतल्या अपघातांत हाच प्रकार. कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात 2009 च्या दुरुस्तीने कलम 4(2अ) आले. कामावर झालेल्या दुखापतीच्या उपचारासाठी कामगाराने प्रत्यक्ष केलेला खर्च मालकाने परत द्यायचा, असे त्याने ठरवले. कर्मचारी राज्य विमा योजनेच्या बाहेर राहिलेल्या वाळूज किंवा शेंद्र्यातल्या कंत्राटी कामगाराचा हात प्रेसमध्ये गेला आणि तो घाटीत बरा झाला, तर त्याने स्वतः केलेला खर्च थोडा, म्हणून मालकाचे देणेही थोडे. सुरक्षेवर पैसे न घालणाऱ्या मालकाला सरकारी रुग्णालयाकडून मिळालेली ही सवलत आहे. ती देण्याचा अधिकार आपण कोणालाही दिलेला नाही.

दोषी पक्षाला दुसऱ्याच्या पैशाचा फायदा मिळू नये, हे आपल्या न्यायालयांना ठाऊक आहे. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितले की जखमीला त्याच्या मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम अपघात भरपाईतल्या वैद्यकीय खर्चातून वजा करता येणार नाही. जखमीने भरलेल्या हप्त्याचा लाभ समोरच्या गाडीच्या विमा कंपनीने घ्यायचा नाही. मग सगळ्या मराठवाड्याने भरलेल्या कराचा लाभ तिने का घ्यावा?

केंद्रानेही हे तत्त्व अर्धेमुर्धे स्वीकारले आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये आदेश दिल्यावर मे महिन्यात रस्ता अपघातग्रस्तांसाठी रोकडरहित उपचार योजना अधिसूचित झाली. अपघातापासून 7 दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत. पैसा मोटार वाहन अपघात निधीतून, आणि विमा असलेल्या गाड्यांसाठी त्या निधीत भर विमा कंपन्यांनी घालायची. दिशा बरोबर आहे. पण मेंदूला मार लागलेला रुग्ण सातव्या दिवशी शुद्धीवर आलेला असेलच असे नाही. चिघळलेल्या उघड्या फ्रॅक्चरवर तर महिनोन्महिने उपचार चालतात. आठव्या दिवसापासूनचा सगळा भार पुन्हा घाटीवर, म्हणजे आपल्यावर.

वसुली थेट कंपनीकडून केली तर विम्याचे हप्ते वाढतील, हा आक्षेप हमखास येतो. थोडे वाढतीलही. गाडी रस्त्यावर आणण्याची खरी किंमत गाडीवाल्याने भरावी, हेच योग्य आहे. आज ती किंमत सायकलही नसलेला पैठण तालुक्यातला शेतमजूर आपल्या खरेदीवरच्या करातून भरतो आहे.

घाटीत कारकून पुरत नाहीत, बिले कोण करणार, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. पण अपघाताच्या प्रत्येक रुग्णाची एमएलसी (मेडिको-लीगल केस) म्हणून नोंद आजही होतेच. पोलिसांना अपघाताचा तपशीलवार अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाला द्यावाच लागतो. त्याच अहवालाला उपचारखर्चाचे एक पत्रक जोडायचे आहे. त्यासाठी दर ठरवून द्यावे लागतील, दोन माणसे वाढवावी लागतील. वसूल होणाऱ्या रकमेतून त्यांचा पगार निघेल.

ब्रिटनने हे करून दाखवले आहे. 1999 चा कायदा रस्ता अपघातांपुरता होता. जानेवारी 2007 पासून कारखान्यांतल्या आणि इतर दुखापतीही त्यात आल्या. भरपाई देणाऱ्याने रुग्णालयाचा खर्च वेगळा भरायचा, आणि रुग्णाकडे कोणी काही मागत नाही. त्याच्या भरपाईतून ती रक्कम कापलीही जात नाही. आपल्याकडे नेमकी हीच अट सर्वात महत्त्वाची ठरेल, कारण एकूण रक्कम तीच ठेवून त्यातून घाटीचा वाटा काढला, तर आयर्लंडचाच कायदा मागच्या दाराने आत येईल.

विमा कंपनीविरुद्ध रुग्णालयाला थेट दावा लावता यावा यासाठी केंद्राला मोटार वाहन कायदा दुरुस्त करावा लागेल, आणि कामगारांच्या भरपाईचा कायदासुद्धा. पण खर्चपत्रक तयार करण्याचा आदेश देणे आणि घाटीतल्या जखमींचे शुल्क मिनी घाटीप्रमाणे माफ करणे, या दोन गोष्टी मुंबईत एका शासन निर्णयाने होऊ शकतात. मराठवाड्याच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांकडे या दोन्ही मागण्या एकत्र लावून धराव्यात. आणि अदालत रोडवर अपघाताचे दावे चालवणाऱ्या वकिलांनी तोवर थांबू नये. घाटीत बरा झालेल्या प्रत्येक पक्षकारासाठी रुग्णालयाकडे उपचाराचा लेखी हिशेब मागावा आणि तो न्यायाधिकरणासमोर ठेवावा.