‘१-०-१’ नको, घड्याळाची वेळ लिहा

ग्वाल्हेरच्या जयारोग्य रुग्णालयात आलेला रुग्ण असो की पुण्या-नागपुरातला, औषधाच्या चिठ्ठीवरचे ‘१-०-१’ तो एकाच रीतीने वाचतो: सकाळी एक, रात्री एक. पुष्कळ गोळ्यांना ते चालते. छातीतल्या दुखण्यावरच्या, म्हणजे अंजायनावरच्या, आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेटच्या साध्या गोळीला मात्र ते नडते. ही गोळी दिवसातून दोनदा असली, तरी दोन गोळ्यांत साधारण सातच तासांचे अंतर हवे. सकाळी सात आणि दुपारी दोन. कारण नायट्रेट रक्तवाहिन्या सैल करून हृदयावरचा भार उतरवते खरे, पण ते चोवीस तास अंगात राहिले की वाहिन्या त्याला सरावतात आणि दाद देईनाशा होतात. स्फोटकांच्या कारखान्यांत नायट्रोग्लिसरीन हाताळणाऱ्या कामगारांना हा सराव फार पूर्वी जाणवला होता. सोमवारी डोके ठणकायचे, पुढे ते थांबायचे आणि सुट्टीनंतर कामावर परतले की पुन्हा ठणकायचे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ५६२ रुग्णांवरील चाचणीत नायट्रोग्लिसरीनची पट्टी अंगावर दिवसरात्र ठेवली गेली. आठ आठवड्यांनंतर तिचा गुण उरला नव्हता. रोज दहा-बारा तास शरीराला नायट्रेटपासून सुट्टी हवी, ती यासाठी.

मग रात्री दुखले तर? शंका रास्त आहे. तेव्हा बीटा-ब्लॉकरसारखी दुसरी औषधे आधार देतात आणि जिभेखालची गोळी उशाशी असावीच. ज्याला रात्रीच त्रास होतो, त्याच्या सुट्टीचे तास डॉक्टर दिवसा ठेवू शकतात. दिवसातून एकदाच घ्यायची, सावकाश विरघळणारी गोळी हा सोपा मार्ग आहे. पण तिचीही वेळ सांगावी लागते आणि ती चुरून घ्यायची नाही, हेही. राहिला प्रश्न डॉक्टरांच्या वेळेचा. बाह्यरुग्ण विभागातली गर्दी मोठी असते, हे मान्य. पण ‘सकाळी ७, दुपारी २’ लिहायला असे किती क्षण लागतात? ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या म्हाताऱ्या मराठी आजींना हिंदीतल्या सूचना वाचायला अवघड गेल्या, तरी घड्याळाचे आकडे कळतात.

वाचकांनी मात्र हे वाचून गोळीची वेळ परस्पर बदलू नये. पुढच्या भेटीत प्रत्येक गोळीवर बोट ठेवून ‘ही किती वाजता?’ असे विचारा आणि उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या. जिभेखाली गोळी ठेवूनही पाच मिनिटांत दुखणे थांबले नाही, तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.