जमिनीच्या पोटात बघणाऱ्या मुली

2025 च्या जानेवारीत केंद्र सरकारनं महत्त्वाच्या खनिजांसाठी एक राष्ट्रीय अभियान मंजूर केलं. खर्च 16,300 कोटी रुपये. बातमी अर्थकारणाच्या पानावर होती, त्यामुळे आपल्यापैकी अनेकींनी ती वाचलीही नसेल. माझ्या डोक्यात मात्र एक प्रश्न घोळत राहिला. खनिजं शोधायला पैसा आला, पण शोधणारी माणसं कुठून येणार? आणि त्यात आपल्या मुली किती असणार?

मांडवीत बसून हा प्रश्न पडावा, याला कारण आहे. आमच्या किनाऱ्याची वाळू काळी. साधं लोहचुंबक फिरवलं तरी त्याला कणांच्या मिशा फुटतात. सह्याद्रीचा काळा कातळ झिजून नद्यांनी आणून टाकलेला हा ऐवज. या भागातल्या वाळूत इल्मेनाइट सापडतं, ज्यापासून टायटॅनियम मिळतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात रत्नागिरीजवळच्या समुद्रात पाहणी करून तळाच्या गाळातही ते असल्याचं दाखवलं होतं.

जमीन न खणता तिच्या पोटात काय आहे ते ओळखायचं, या शास्त्राला भूभौतिकी म्हणतात. सोनोग्राफीसारखंच समजा. जमिनीत लहरी सोडायच्या, परत येतील त्या टिपायच्या आणि खालच्या थरांचं चित्र काढायचं. 1960 च्या दशकात सोव्हिएत जहाजाच्या मदतीनं अशीच पाहणी झाली, म्हणून 1974 मध्ये 'सागर सम्राट'ला मुंबई हायचं तेल लागलं. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा थोडा वाटा तिथूनच उरणमार्गे येतो. विहिरीचं पाणी शोधायलाही हेच शास्त्र. चार सळ्या जमिनीत रोवायच्या, बाहेरच्या दोघींतून वीज सोडायची आणि आतल्या दोघींमध्ये दाब मोजायचा. ओला थर आणि कोरडा कातळ विजेला वेगवेगळी दाद देतात. नारळ हातावर उभा करून पाणी सांगणाऱ्याला आपण पैसे देतो, मग हे शिकणाऱ्या मुलीला का नको?

शेजारची मुलगी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. तिला पुढे हेच शिकायचंय. आई म्हणते, ''दगडांचं शिकून काय करणार गो ती?'' आई अडाणी नाही, हिशेबी आहे. एम.एस्सी.ची दोन वर्षं, मग पीएच.डी.ची चार-पाच. नेट परीक्षेतून संशोधनवृत्ती मिळाली तर 2023 पासून महिन्याला 37,000 रुपये आहेत, म्हणजे तिथं पोचल्यावर रडायचं कारण नाही. खरी अडचण त्याआधीची आहे. खोलीभाडं, मेस, क्षेत्रभेटी हे सगळं घरातून. मासळीचा हंगाम बुडाला की आधी कुणाचं शिक्षण थांबतं, ते मी सांगायला नको.

योजना नाहीत असं नाही. 2008 मध्ये सुरू झालेली 'इन्स्पायर' बी.एस्सी.-एम.एस्सी.च्या मुलांना वर्षाला 80,000 रुपये देते. त्यातले 20,000 सुट्टीत एखाद्या शास्त्रज्ञाकडे प्रत्यक्ष संशोधन करण्यासाठी. कल्पना उत्तम, पण बोर्डातून आलेल्यांना अट अशी की बारावीला पहिल्या एक टक्क्यात हवं. घरचं पाणी भरून, एसटीनं तालुक्याला जाऊन शिकलेली मुलगी त्या रेषेच्या जराशी खाली राहते आणि हातची जाते. ओएनजीसीची शिष्यवृत्ती भूशास्त्र, भूभौतिकीच्या एम.एस्सी.ला वर्षाला 48,000 रुपये देते. ती मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी. किती घरांत ठाऊक आहे?

माझं मत विचाराल तर पैसा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षालाच द्यावा. थोडा दिला तरी चालेल. पंधरा-वीस हजारांत एखादी मुलगी उन्हाळाभर आपल्याच गावच्या विहिरी आणि कातळ मोजेल. पावसात न्हाऊन निघणाऱ्या कोकणात मे महिन्यात टँकर का येतो, हे तिला पुस्तकाबाहेर कळेल. त्या वयात हाताला यंत्र लागलं की ओढ लागते. नागपूरच्या अदिती पंत पुण्यात बी.एस्सी. झाल्या आणि शिष्यवृत्ती मिळाली म्हणून हवाई विद्यापीठात समुद्रविज्ञान शिकू शकल्या. त्याच पुढे 1983 च्या मोहिमेत अंटार्क्टिकावर गेल्या. शिष्यवृत्ती नसती तर?

दुसरी गोष्ट सातत्याची. 2014 च्या मध्यात तेल पिंपाला शंभर डॉलरच्या वर होतं, 2016 च्या जानेवारीत तीसच्या खाली आलं. जगभरच्या कंपन्यांनी शोधाची कामं आणि माणसं कमी केली. असं झालं की हुशार मुलं संगणकाकडे वळतात, आणि भाव परत चढतो तेव्हा जाणकार मिळत नाहीत. म्हणून विद्यार्थ्यांचा पैसा तेलाच्या भावाला बांधता कामा नये. मंदीत तर तो वाढवायला हवा.

आणि हे फक्त नोकरीपुरतं नाही हो. 2023 च्या एप्रिलमध्ये राजापुरातल्या बारसूच्या सड्यावर माती परीक्षणासाठी यंत्रं आली, तेव्हा बायका रस्त्यावर आडव्या झाल्या. प्रकल्प चांगला की वाईट, तो वाद इथं नको. पण भोकं पाडून निघालेले आकडे वाचून, ''आई, याचा अर्थ असा'' म्हणणारी घरची मुलगी त्यांच्यातल्या कितीजणींकडे असेल? जमीन आपली, किनारा आपला, आणि नकाशा मात्र परक्यानं वाचून दाखवायचा!

मुलींना झेपेल का, हा प्रश्न येतोच. 1952 च्या खाण कायद्यानं बायकांना भूमिगत खाणीत कामाला बंदी होती. 2019 मध्ये ती अटींसह शिथिल झाली. यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेत भूभौतिकीच्या जागा असतात आणि महिलांना परीक्षा शुल्क नाही.

शेजारणीला मी एवढंच सांगितलंय, की आयआयटी मुंबईत उपयोजित भूभौतिकीची एम.एस्सी. आहे आणि त्यासाठीची 'जॅम' परीक्षा फेब्रुवारीत असते. मुलीनं अर्ज भरलाय. फीचं कसं करायचं, यावर दोघी माझ्या ओसरीवर अजून भांडतायत.