भिंतीवरच्या डबीचे मागचे दार

आमच्या घरात इंग्रजी वाचू शकणारा मी पहिलाच. त्यामुळे मागच्या पावसाळ्यात वायफायची डबी बसवायला माणूस आला, तेव्हा वडील म्हणाले, "सही तू कर, शिकलेला तूच." मी ऐटीत सही केली आणि सोबतची इंग्रजी चोपडी न वाचताच कपाटावर टाकली. जाता जाता तो माणूस म्हणाला, "बाहेरून लॉगिन चालू ठेवलंय. बिघाड झाला तर मला यायला नको." आम्हांला बरेच वाटले. आईने त्याला चहा दिला.

चार महिन्यांनी, ऐन परीक्षेचा अर्ज भरायच्या आठवड्यात, इंटरनेट रखडू लागले. वडिलांच्या मोबाईलवर एक इंग्रजी संदेश येऊन पडला होता. जाहिरात समजून त्यांनी तो सोडून दिलेला. तुमच्या जोडणीवरील यंत्र बाधित झाले आहे, सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर जा, असा त्याचा आशय. अशा यंत्रांच्या मालकांना सावध करण्यासाठी केंद्र सरकारने २०१७ साली हे केंद्र सुरू केले, हे मला त्या दिवशी कळले. अर्ज मी मित्राच्या मोबाईलवर भरला.

मग डबीत शिरून पाहिले. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकले. नाव 'अ‍ॅडमिन', पासवर्डही 'अ‍ॅडमिन'. दार उघडले! आत टेलनेट चालू, आणि तेही साऱ्या जगासाठी. टेलनेट ही दुरून यंत्रात शिरण्याची फार जुनी पद्धत. तिच्यात पासवर्ड पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा उघडा जातो. वाटेत कोणीही वाचावा. १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर असेच पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तेथील तातू युलोनेन यांनी एसएसएच तयार केले. ते म्हणजे बंद पाकीट. पाकीट निघून इतकी वर्षे झाली, आणि आमच्या भिंतीवर अजून पोस्टकार्डच!

गल्लीत हे सांगितले तर एक काका हसले. "आपल्याकडं चोरण्यासारखं आहे काय?" प्रश्न रास्त वाटतो, पण चोराला आपल्या घरातले काही नकोच असते. त्याला आपले अंगण हवे असते, दुसऱ्यावर दगड मारायला. २०१६ साली 'मिराई' नावाच्या प्रोग्रॅमने हेच केले. त्याच्याजवळ साठेक नावे-पासवर्डांच्या तयार जोड्या होत्या. जगभरच्या राउटरांची आणि कॅमेऱ्यांची टेलनेटची दारे तो एकेक करून ठोठावी. उघडले की यंत्र त्याचे गुलाम. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा यंत्रांनी अमेरिकेतील डिन या कंपनीवर एकदम मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा लाखो लोकांना काही तास मिळेनाशा झाल्या. मिराईच्या कर्त्यांपैकी एक जण रटगर्स विद्यापीठाचा विशीतला विद्यार्थी होता. आपल्याच विद्यापीठाचे जाळेही त्याने वारंवार बंद पाडले होते. डिसेंबर २०१७ मध्ये त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला.

आता याला जबाबदार कोण? 'लोक अडाणी आहेत' असे उत्तर सभ्य मंडळींकडून चटकन येते. मला ते मान्य नाही. एखाद्या कुलूपवाल्याने साऱ्या गावाला एकाच किल्लीची कुलपे विकली, तर आपण गावाला नावे ठेवू काय? कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून आणि ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून असे सरसकट एकच पासवर्ड ठेवून यंत्रे विकायला कायद्याने बंदी आहे. आपल्या दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राच्या २०२१ च्या आचारसंहितेतही हाच मुद्दा पहिला आहे. ती आमच्या भिंतीपर्यंत पोहोचली नव्हती, एवढेच. माझे म्हणणे स्पष्ट आहे: पासवर्ड बदलल्याखेरीज डबी चालूच होता कामा नये, आणि सोबतची चोपडी मराठीत असावी. माझ्या वडिलांनी ती नक्की वाचली असती. मी वाचली नाही, हा माझा दोष. तो मी कारागिरावर ढकलत नाही.

दुरुस्ती एका दुपारची. नुसती डबी बंद-चालू करून भागत नाही. मिराईसारखा प्रोग्रॅम तेवढ्याने पुसला जातो खरा, पण पासवर्ड तोच राहिला तर काही मिनिटांत परत येऊ शकतो. म्हणून पाठीवरच्या बारीक छिद्रात टाचणी खुपसून डबी मूळ स्थितीत आणली. त्यात जोडणीची माहितीही पुसली गेली आणि मदत केंद्राला दोनदा फोन करावे लागले, ते असो. लांबलचक नवा पासवर्ड घातला, आतले सॉफ्टवेअर अद्ययावत केले, टेलनेट आणि बाहेरून लॉगिन दोन्ही बंद. ज्याला दुरून शिरण्याची खरोखर गरज असेल, त्याने फक्त एसएसएच ठेवावे, आणि तेही किल्लीच्या जोडीने: एक भाग यंत्रात, दुसरा गुप्त भाग आपल्याजवळ. पासवर्डाने शिरणे मग बंदच करून टाकावे.

त्याच कारागिराने आमच्या गल्लीत आणखी पाच घरी डब्या बसवल्या आहेत. दोन घरची दारे मी लावून आलो. हसणाऱ्या काकांनी रविवारी यायला सांगितले आहे. टाचणी मात्र माझी मीच आणायची आहे.