ओटा चालतो, रॅम्प चालत नाही

भाडेकरूंची बाजू मांडणाऱ्या वकिलांच्या पत्रांत गेले काही महिने एक तक्रार पुन्हा पुन्हा येते आहे. दिव्यांग अशिलाने घरात स्वतःपुरती सोय करून घेतली आणि घरमालकाने त्या सोयीवरच दावा लावला, अशी ती तक्रार. एका पत्रासोबत हुकूमनाम्याची प्रत आली. चाळीतली तळमजल्याची खोली आणि लहानपणी पोलिओ झालेल्या, कॅलिपर लावून चालणाऱ्या भाडेकरू बाई. त्यांनी मोरीच्या भिंतीला धरून उठायला स्टीलच्या दोन दांड्या बसवल्या आणि उंबऱ्याला लागून बाहेरच्या बाजूने सिमेंटचा उतार करून घेतला. घरमालकाने आर्किटेक्ट आणून फोटो काढले, ‘लेखी संमतीविना कायमस्वरूपी बांधकाम’ असा अहवाल घेतला आणि कलम १६(१)(बी) खाली ताबा मागितला. खालच्या न्यायालयाने तो दिला.

त्याच खोलीत कडप्प्याचा स्वयंपाकाचा ओटा आहे. तो त्या दोन दांड्यांहून कितीतरी पटींनी जड आणि भिंतीत रुतलेला. त्याबद्दल दाव्यात अवाक्षर नाही, कारण ओट्याला कायद्याचे संरक्षण आहे. १६(१)(बी) चे स्पष्टीकरण या अंकाच्या वाचकांना पाठ असेल. आवश्यक तिथे पालिकेची परवानगी घेऊन केलेले लाकडी पार्टिशन, उभा ओटा, दार, जाळी, हवेसाठीची खिडकी, फॉल्स सीलिंग, एअर कंडिशनर, एक्झॉस्ट आणि धुराडे यांना ‘कायमस्वरूपी बांधकाम’ म्हणता येत नाही. या यादीत रॅम्प नाही, पकडदांडी नाही, व्हीलचेअरसाठी काढून टाकलेला उंबरा नाही, भारतीय संडासाच्या जागी बसवलेला कमोडही नाही. एअर कंडिशनर विधिमंडळाला आठवला, पण ज्याला रांगत मोरीत जावे लागते तो माणूस आठवला नाही.

हे अनवधान म्हणून सोडून देता येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा. त्याचा अंमल ३१ मार्च २००० पासून आहे. अपंग व्यक्तींचा पहिला केंद्रीय कायदा १९९५ चा, म्हणजे स्पष्टीकरण लिहिले गेले तेव्हा तो अंमलात होता. पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आला, १९ एप्रिल २०१७ ला लागू झाला, दिव्यांगत्वाचे प्रकार एकवीस झाले आणि वाजवी सोय नाकारणे हाही भेदभाव ठरला. महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. या सगळ्या काळात स्पष्टीकरणात चार शब्द घालायला कोणालाही सवड झाली नाही. मंत्रालयात विचारणा करणाऱ्या एका वाचकाला हा विषय दिव्यांग कल्याणाचा नसून गृहनिर्माणाचा आहे असे सांगण्यात आले, आणि गृहनिर्माणाकडे गेल्यावर तो दिव्यांग कल्याणाचा असल्याचे. दोन्ही टेबलांवर अर्जाची पोच मिळाली, उत्तर कुठूनही आले नाही.

पण दोष सगळा सरकारचा नाही. हुकूमनामा वाचताना सर्वांत जास्त खटकली ती प्रतिवादीची कैफियत. ‘सदर बांधकाम किरकोळ स्वरूपाचे असून वादीचे कोणतेही नुकसान झालेले नाही’ एवढे एक वाक्य लिहून वकिलांनी हा मुद्दा संपवला होता. बाई कॅलिपरवर चालतात ही गोष्ट उलटतपासणीत वादीच्याच वकिलांच्या प्रश्नातून प्रथम नोंदीवर आली!

स्पष्टीकरणातली यादी तोकडी असली तरी लढाई तिथे संपत नाही. एखादी गोष्ट मुळात ‘कायमस्वरूपी बांधकाम’ आहे का, हा प्रश्न स्पष्टीकरणाच्या आधी येतो. जुन्या मुंबई भाडे कायद्याखालच्या वेंकटलाल पित्ती विरुद्ध ब्राइट ब्रदर्स (१९८७) या निकालाने त्याच्या कसोट्या दिल्या आहेत. बांधकामाचे स्वरूप काय, ते कशासाठी केले, इमारतीला कायमची इजा न करता ते काढता येते का, हे सगळे एकत्र पाहायचे असते. स्टीलची दांडी चार अँकर बोल्टवर उभी असते. आर्किटेक्टला उलटतपासणीत एवढेच विचारायचे होते की बोल्ट काढल्यावर भिंतीत काय उरेल, आणि ते बुजवायला गवंड्याला किती वेळ लागेल. सिमेंटचा उतार उंबऱ्यावर टेकला आहे की जोत्यात बांधला आहे, हेही विचारायचे होते. हे प्रश्न कोणी विचारले नाहीत. परिणामी फोटोंसह आलेला अहवाल जसाच्या तसा शाबीत धरला गेला.

त्याहून आधीची पायरी संमतीची. दिव्यांग अशील सल्ल्याला आला आणि काम अजून व्हायचे असेल, तर पहिले काम रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवण्याचे: कोणती सोय हवी, का हवी, खर्च भाडेकरू करील, जागा सोडताना भिंत पूर्ववत करून देईल, आणि सोबत डॉक्टरांचा दाखला. अशा पत्राला नकार आला किंवा उत्तरच आले नाही, तर नंतरच्या दाव्यात घरमालकाची वागणूक नोंदीवर असते. इथे घरमालक कोण आहे हेही पाहावे. २०१६ च्या कायद्यातील ‘खासगी आस्थापने’च्या व्याख्येत कंपनी, फर्म, सहकारी व इतर संस्था आणि ट्रस्ट स्पष्टपणे आहेत. मुंबईतल्या कितीतरी जुन्या चाळी आणि इमारती ट्रस्टच्या मालकीच्या आहेत. मालक एकटी व्यक्ती असेल तर युक्तिवाद अवघड होतो, हे मान्य. पण मालक ट्रस्ट असताना त्या कायद्याचा उल्लेखही कैफियतीत नसावा, ही हलगर्जी आहे. ‘चाळीस टक्क्यांच्या वरचा दाखला नाही म्हणून हक्क नाही’ असे कोणी सांगू लागले तर विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग (२०२१) हा निकाल समोर ठेवावा. वाजवी सोयीच्या हक्कासाठी त्या टक्क्यांची अट नाही.

आता प्रामाणिक गरजेच्या दाव्यांकडे. १६(१)(जी) खाली ताबा मागितला गेला की कलम १६(२) मुळे न्यायालयाला दोन्ही बाजूंचा त्रास तोलावा लागतो: हुकूमनामा दिल्याने भाडेकरूची अडचण अधिक होते, की नाकारल्याने मालकाची. दिव्यांग भाडेकरूच्या हाती याहून भक्कम हत्यार या अधिनियमात नाही, आणि सर्वांत बोथट वापर होतो तो याचाच. ‘प्रतिवादी अपंग असून त्यास अतोनात त्रास होईल’ हे वाक्य आणि यूडीआयडी कार्डाची झेरॉक्स यांवर न्यायाधीश काय तोलणार? तराजूत घालायला तपशील लागतो. जागा कोणत्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे का, दाराची मोकळी रुंदी किती आणि अशिलाची व्हीलचेअर किती रुंद, संडास घरात आहे की गॅलरीच्या टोकाला, डायलिसिसचे किंवा फिजिओथेरपीचे केंद्र किती अंतरावर आहे, रोज सकाळी अंघोळीला मदत करणारी शेजारीण कोण, ती साक्ष देईल का. दृष्टिहीन अशील घरापासून बसथांब्यापर्यंत काठीच्या आधाराने एकटा जातो, ती वाट त्याने वर्षानुवर्षे पायाखाली घातली आहे. नव्या वस्तीत ती पुन्हा शिकावी लागेल. हे सगळे कैफियतीत लिहायचे आणि पुराव्याने शाबीत करायचे असते.

आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा नडते. पर्यायी जागेचा शोध भाडेकरूने घेतला का, हा प्रश्न न्यायालय विचारतेच. बहुतेक प्रकरणांत उत्तर ‘नाही’ असते आणि मुद्दा हातचा जातो. अशिलाला आजच सांगावे की त्याच परिसरात, त्याच भाड्यात, लिफ्ट किंवा तळमजला असलेली जागा शोधा. एजंटांचे मेसेज जपून ठेवा. जागा पाहिली तर दाराचे आणि पायऱ्यांचे फोटो काढा. जागा मिळाली तर अशिलाचे भलेच आहे. नाही मिळाली तर तोच पुरावा.

समोरच्या बाजूला कधी कधी गुडघे गेलेली म्हातारी घरमालकीण असते, तिला वरचा मजला झेपत नाही आणि तळमजल्याची खोली हवी असते. तिची गरज खोटी नसते. अशा वेळी कलम १६(२) मधल्या अंशतः हुकूमनाम्याच्या तरतुदीचा विचार दोन्ही वकिलांनी करायला हवा. तो फारसा होत नाही, कारण खोलीचा नकाशाच कोणी दाखल करत नाही.

लिफ्टच्या प्रकरणांनी तर संताप येतो. चौथ्या मजल्यावरचा भाडेकरू पक्षाघातानंतर व्हीलचेअरवर आला. त्याच सुमारास लिफ्ट ‘दुरुस्तीसाठी’ बंद झाली आणि बंदच राहिली. तो मुलीकडे राहायला गेला. सहा महिने उलटताच १६(१)(एन) खाली जागेचा वापर नसल्याचा दावा दाखल झाला. पत्र लिहिणाऱ्या वकिलांनी जागा वापरात असल्याचे दाखवायला विजेची बिले जोडली, आणि ती शून्याच्या जवळची निघाली. खरे तर वापर नव्हता हे कबूल करून ‘वाजवी कारण’ मांडायला हवे होते, आणि लिफ्ट बंद झाली त्याच आठवड्यात कलम २९ खाली अर्ज करायला हवा होता. कलम २९ मधल्या अत्यावश्यक सेवांत पाणी आणि विजेबरोबर लिफ्टही आहे. मालकाने सेवा तोडली असा अर्ज वेळेवर नोंदीवर असता, तर वापर नसल्याचे कारण मालकाच्याच दारात गेले असते. सहा महिन्यांनी कैफियतीत लिहिलेली लिफ्टची गोष्ट बनावट वाटू लागते.

साक्षीचे हाल निराळे. अंथरुणाला खिळलेल्या अशिलाच्या वतीने मुलगा मुखत्यारपत्र घेऊन पिंजऱ्यात उभा राहतो आणि जानकी वाशदेव भोजवानी विरुद्ध इंडसइंड बँक (२००५) या निकालाचा आधार घेऊन वादीचे वकील त्याची साक्ष उडवून लावतात. अशिलाच्या व्यक्तिगत माहितीतल्या गोष्टी मुखत्याराला त्याच्या वतीने सांगता येत नाहीत, हे ठरलेले आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ खाली आजारी, अशक्त साक्षीदारासाठी कमिशन घरी नेता येते. दूरदृश्य साक्षीची वाट महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई (२००३) पासून खुली आहे. त्यावर २०१६ च्या अधिनियमाचे कलम १२ प्रत्येक न्यायालयात आणि प्राधिकरणापुढे दिव्यांगाला भेदभावाविना प्रवेशाचा हक्क देते, आणि त्याला जमेल त्या भाषेत व साधनाने साक्ष नोंदवण्याची सोय मागते. कर्णबधिर अशिलासाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी मागायचा तो या कलमाखाली. अर्ज केला तर न्यायालय त्यावर आदेश देईल; न मागता कोणी दुभाषी पाठवणार नाही.

फीचे कारण सांगून अशिलाला परत पाठवणाऱ्यांसाठीही एक आठवण. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ खाली दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, आणि त्याला उत्पन्नाची मर्यादा नाही. तालुका समितीच्या खिडकीवर उत्पन्नाचा दाखला मागितला जात असल्याच्या तक्रारी आहेत. तसे झाल्यास लेखी नकार मागावा. कायद्यात नसलेली अट कोणी कागदावर सहसा लिहून देत नाही.

लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांना तर तोलमापही नाही. कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज गेला की समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते, नाही मागितली तर अर्जातली विधाने मान्य धरली जातात. दृष्टिहीन माणसाच्या दारात छापील समन्स टाकले जाते, ते वाचून दाखवणारा शेजारी आठवड्याने भेटतो आणि वकील त्यानंतर. प्रत्येक समन्स सुगम स्वरूपातही द्यावे, असे परिपत्रक काढायला प्राधिकाऱ्यांना कोणाचीही हरकत असायचे कारण नाही.

सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिव्यांग हक्क नियमांतला नियम १५ अधिनियमाशी विसंगत ठरवला. सुगम्यतेचे किमान निकष सक्तीचे हवेत, नुसत्या मार्गदर्शक सूचना पुरत नाहीत, हे त्याचे सार आहे. सार्वजनिक इमारतींसाठी जे सक्तीचे, ते भाडेकरूने स्वखर्चाने आपल्या घरात केले तर त्याला बेघर करता येते, ही विसंगती राज्य सरकारसमोर ठेवायला याहून चांगली वेळ मिळणार नाही. सुधारणा छोटी आहे. १६(१)(बी) च्या स्पष्टीकरणात ‘दिव्यांग किंवा वयोवृद्ध रहिवाशाच्या वापरासाठी केलेला रॅम्प, पकडदांडी, उंबऱ्यातील वा दारातील फेरफार व शौचालयातील फेरफार’ एवढे शब्द घालायचे आहेत. अध्यादेश नको, समिती नको, अभ्यासदौरा नको.

त्यासाठी प्रकरणे हवीत. ज्या ज्या वकिलांकडे १६(१)(बी), (जी) किंवा (एन) खाली दिव्यांग भाडेकरूविरुद्ध लागलेला दावा आहे, मग तो चालू असो वा निकाली, त्यांनी दावा, कैफियत आणि निकाल यांच्या प्रती पक्षकारांची नावे खोडून या महिनाअखेरपर्यंत संपादकीय कार्यालयात पाठवाव्यात. हरलेली प्रकरणे आधी पाठवावीत. तालुक्याच्या वकील संघांनी सुधारणेच्या मागणीचा ठराव करून आपल्या आमदाराला द्यावा आणि पोच घ्यावी. ज्यांच्याकडे अशा दाव्याची कैफियत अजून दाखल व्हायची आहे, त्यांनी पुढच्या तारखेआधी टेप घेऊन अशिलाच्या घरी जावे आणि दार मोजावे.