टायर चारही घ्या

आमचा भाचा कॅनडात, माँट्रियलला नोकरीला आहे. नोव्हेंबर लागला तसा त्याचा फोन आला, "मामू, टायर झिजलेत. बर्फाचे पुढचे दोनच घेतो. गाडी पुढच्याच चाकांनी ओढते ना!" आपा शेजारीच होत्या. त्यांचा चेहरा उतरला.

आम्ही त्याला समजावले, पुढची चाके रस्ता धरतील, पण वळणावर ब्रेक मारताच मागची घसरतील आणि गाडी गरकन फिरेल. तिथल्या क्विबेक प्रांताचा कायदाही १ डिसेंबर ते १५ मार्च चारही हिवाळी टायर मागतो. साधे रबर ७ अंशांखाली कडक होऊ लागते, हिवाळी टायरचे मऊ राहते. घेताना टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चिन्ह पाहावे. नुसत्या 'एम प्लस एस' अक्षरांवर भुलू नये. तिथेच बनावटीचे चार अंक असतात. ३५२४ म्हणजे २०२४ चा पस्तिसावा आठवडा. जुना माल स्वस्त मिळाला, तरी त्याचे रबर म्हातारे झालेले असते.

"मग ईदच्या तिकिटाचे पैसे यातच जातील," तो हळूच म्हणाला.

आपांनी फोन घेतला. "बेटा, पुढच्या ईदला ये. पण चारही टायर घे."