आधी रात्र विचारा, मग स्वयंपाकघर



गेल्या आठवड्यात माझ्या मामेबहिणीचा सांगलीहून फोन आला. तिच्या सासऱ्यांना पोटाचा कॅन्सर आहे, आणि डॉक्टरांनी 'आता घरी न्या' म्हणून सांगितलंय. मुलगा पुण्यात असल्यामुळे त्यांना इकडे आणायचं ठरतंय. शेवटच्या दिवसांची सेवा करणाऱ्या दोन संस्थांची नावं तिने काढून ठेवली होती, त्यातली कुठली चांगली हे तिला माझ्याकडून हवं होतं. तिचा पहिला प्रश्न होता, "अक्का, तिथं स्वयंपाक शुद्ध असतोय काय?"

मला तिचा राग आला नाही. तीन वर्षांपूर्वी सासूबाईंसाठी जागा शोधताना मीही हेच विचारलं होतं. फक्त हेच विचारलं होतं. त्याचे परिणाम त्यांना अकरा दिवस सोसावे लागले, म्हणून आज हे लिहितेय.

आईंना स्तनाचा कॅन्सर होता आणि तो पाठीच्या मणक्यांत उतरला होता. वय शहात्तर. आम्ही निवडलेली जागा बघितली असती तर तुम्हीही हो म्हटलं असतं. कांदा-लसूण-बटाट्याला थारा नाही, पाणी गाळून, जेवण सूर्यास्ताच्या आत, एका खोलीत छोटं चैत्यालय, दारावर संगमरवरात कोरलेली देणगीदारांची नावं. आमचे हे म्हणाले, "आईला इथं परकं वाटणार नाही." दुसऱ्या रात्री कळा सुरू झाल्या. अठरा खाटांना रात्री एक मावशी. डॉक्टर सकाळी दहाला येणार. तापाला देतात तीच गोळी मावशींनी दिली आणि म्हणाल्या, या वयात एवढं दुखायचंच. डॉक्टरांना मी मॉर्फीनचं विचारलं तर म्हणाले, आम्ही ठेवत नाही, त्याची सवय लागते, पेशंट लवकर जातो.

दशलक्षणाचे दहाच्या दहा उपवास केलेली ही बाई. वेदना सहन करणं काय असतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. नवव्या दिवशी उशाशी णमोकार मंत्राची ध्वनिफीत लावलेली होती, तर मला म्हणाल्या, "ते बंद कर गं." पन्नास वर्षं रोज जपमाळ ओढणारी माझी सासू. मी ते बंद केलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

तत्त्वार्थसूत्राच्या वर्गाला आपण सगळ्या जातो. आर्तध्यानाचे चार प्रकार आपल्याला तोंडपाठ आहेत, आणि त्यातला एक सरळसरळ वेदनेचा आहे. शरीरातली पीडा कधी जाईल, एवढाच विचार मनात फिरत राहणं. शास्त्राने हे अशुभ ध्यान म्हणून स्पष्ट सांगितलेलं असताना, शेवटच्या दिवसांत दुखणं कमी करणाऱ्या औषधाकडे आपण संशयाने का बघतो? 'कर्म भोगूनच संपवायचं असतं' हे वाक्य मला त्या दिवसांत भेटायला येणाऱ्या निदान पाच जणींनी ऐकवलं. त्यांच्यातल्या दोघी गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया करून आलेल्या होत्या.

मॉर्फीनबद्दल जे नंतर कळलं ते आधी सांगते. योग्य प्रमाणात, दुखण्याच्या मापाने वाढवत दिलं तर त्याने माणूस लवकर जात नाही. कॅन्सरच्या दुखण्यासाठी घेतलेल्या मॉर्फीनची व्यसनासारखी चटक सहसा लागत नाही. बद्धकोष्ठता मात्र हमखास होते, म्हणून पोट साफ ठेवायचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत द्यावं लागतं. पूर्वी ते साठवायला वेगवेगळे परवाने लागत, म्हणून बरीच रुग्णालयं त्या भानगडीत पडत नसत. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ही वाट सोपी झाली. तेव्हा आज कुणी 'आम्ही ठेवत नाही' म्हणालं, तर ते त्यांनी ठरवलेलं असतं. तो बोर्ड कितीही जैन असो, तिथून उठावं.

बाराव्या दिवशी आम्ही आईंना घरी आणलं आणि घरी येऊन सेवा देणारी एक तुकडी लावली. एक डॉक्टर बाई, दोन नर्सबाई. डॉक्टर ख्रिश्चन, नर्स केरळच्या. पहिल्या भेटीत त्या दीड तास बसल्या. कुठं दुखतं, कसं दुखतं, दहापैकी किती. शौचाला कधी झालं. झोप लागते का. तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल काय माहीत आहे, असं त्यांनी आईंनाच विचारलं. आम्ही चौघं मुलं-सुना मागे उभे राहून नकाराच्या माना हलवत होतो आणि आई शांतपणे म्हणाल्या, "सगळं माहीत आहे. यांनाच वाटतं मला माहीत नाही." मग त्या बाईंनी विचारलं, तुमचे नियम काय आहेत?

रात्री पाणीसुद्धा नाही, हा आईंचा लग्नाआधीपासूनचा नियम. आधीच्या जागी त्यांना सूर्यास्तापूर्वी गरम जेवण मिळत होतं, पण औषधाचं काय करायचं हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मावशी रात्री नऊला गोळी घेऊन यायच्या, आई तोंड मिटून घ्यायच्या, मावशी गोळी परत घेऊन जायच्या. महाराजांनी निरोप पाठवला होता की औषधाला मोकळीक ठेवा, नंतर प्रायश्चित्त घेता येईल. आई ऐकल्या नाहीत. डॉक्टर बाईंनी वाद घातला नाही. साधी मॉर्फीनची गोळी चार-चार तासांनी लागते. तिने दुखणं किती मात्रेला आटोक्यात येतं, हे त्यांनी दोन दिवस दिवसापुरतं मोजलं. मग बारा तास पुरणारी गोळी सुरू केली. वैशाखाचे दिवस होते. सूर्य उगवल्यावर सकाळी साडेसहाला एक, मावळायच्या आत संध्याकाळी साडेसहाला दुसरी. रात्री मध्येच कळ आली तर तोंडाने काही द्यायला नको, म्हणून दंडाच्या कातडीखाली एक बारीक सुई बसवून ठेवली आणि त्यातून औषध कसं द्यायचं ते नर्सबाईंनी मला शिकवलं. माझे हात थरथरत होते. त्यांनी पाण्यावर तीनदा करून घेतलं.

नियम मोडायला लावणं सोपं होतं, आणि नियमाच्या नावाखाली दुखू देणं त्याहून सोपं. त्यांनी मधली वाट काढली. चांगली सेवा कशी ओळखायची असं कुणी विचारलं, की माझ्या डोळ्यांपुढे ते साडेसहाचं घड्याळ येतं.

चौथ्या दिवशी आईंनी स्वतःहून जपमाळ मागितली.

एका रात्री दोनला त्यांचा श्वास घशात घरघरायला लागला. मी फोन केला. तिसऱ्या घंटीला उचलला गेला. "कुशीवर वळवा, उशी थोडी उंच करा, मी निघते." त्या तासाभराने पोचल्या, पण मला जे हवं होतं ते त्या तिसऱ्या घंटीलाच मिळालं होतं.

आता थोडं आपल्या घरच्या पोथीबद्दल. शिवार्य आचार्यांच्या 'भगवती आराधना' ग्रंथात सल्लेखना घेणाऱ्या क्षपकाच्या सेवेला अठ्ठेचाळीस निर्यापक सांगितले आहेत. चातुर्मासातल्या प्रवचनांत हा आकडा मी लहानपणापासून ऐकलाय आणि आकडा म्हणून सोडून दिलाय. आईंच्या नंतर एका माताजींकडे बसून तो भाग समजून घेतला. चौघाचौघांना कामं वाटलेली आहेत. चौघे क्षपकाचं अंग चेपतात, त्याला उठवतात-बसवतात, कुशीवर वळवतात. चौघे धर्मकथा सांगतात. चौघे आहार आणतात, चौघे पाणी. चौघे मलमूत्र साफ करतात, अंथरूण झाडतात. आणि चौघे रात्री जागे राहतात. एवढे मिळाले नाहीत तर कमी चालतील, पण दोनाच्या खाली नाही, कारण एकटा माणूस बाहेर गेला तर क्षपक एकटा पडतो. शुद्ध आहाराची काळजी त्यात आहेच, नाही असं नाही. पण ती अनेक कामांतली एक आहे. अठरा खाटांना एक मावशी हे या हिशेबात कुठंच बसत नाही.

म्हणून बहिणीला मी सांगितलं की नुसतं फोनवर विचारून ठरवू नकोस, मुलाला तिथं पाठव, तेही न कळवता, दुपारी तीनच्या सुमारास, जेव्हा पाहुणे येत नाहीत. त्याने फरशी बघू नये. झोपून असलेल्या माणसाच्या टाचा बघाव्यात, ओठ आणि जीभ बघावी. टाचा लाल असतील तर माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवत नाहीत. जीभ पांढरी, कोरडी असेल तर तोंड कुणी पुसत नाही. रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलावं. रुग्ण जेवेनासा झाला की तुम्ही काय करता, हे विचारावं. नळी घालून भरवतो, सलाइन चढवतो असं ठोक उत्तर आलं तर सावध व्हावं. 'ओठ ओले ठेवतो, मागितलं तर देतो, घरच्यांना बसवून समजावतो' असं कुणी म्हणालं तर त्याला काम कळतं.

जेवणाचा विषय निघाला म्हणून एक अवघड गोष्ट लिहिते. शेवटच्या आठ दिवसांत आईंचं खाणं आपोआप सुटलं. शोकसभेत तिघांनी 'समाधिमरण झालं' असं म्हटलं. मी गप्प राहिले, पण मला ते पटलेलं नाही. २०१५ साली राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्याला आत्महत्या ठरवलं तेव्हा मूक मोर्चात मीही चालले होते, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली तेव्हा आपण पेढे वाटले. सल्लेखना म्हणजे शुद्धीवर असताना, गुरूंच्या आज्ञेने, सर्वांची क्षमा मागून घेतलेलं व्रत, असंच आपण तेव्हा जगाला सांगत होतो ना? मग डॉक्टरांनी हात टेकले की भेटायला येऊन 'आता सल्लेखना द्या' असं घरच्यांना कसं सांगता येतं? ती द्यायची वस्तू नाही. आईंचं शरीर थांबलं, एवढंच झालं. ते दुखण्यावाचून थांबलं, माझ्यासाठी ते पुष्कळ आहे.

खर्चाचं विचारतात म्हणून सांगते. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातलं या प्रकारचं पहिलं, आणि पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून. दोन्ही कॅन्सरच्या रुग्णांसाठी, विनामूल्य. पैसे जास्त म्हणजे सेवा जास्त हा हिशेब या कामात चालत नाही. आम्ही आधीच्या जागी मोजलेले पैसे नंतरच्या तुकडीच्या दुपटीहून अधिक होते. आपल्या समाजाला दानाची सवय आहे, हात सढळ आहे. पण दान दिसावं लागतं, त्यामुळे ते दारावरच्या संगमरवरात जातं. रात्रपाळीच्या नर्सचा वर्षाचा पगार मी देते, असं अजून कुणी श्राविकेने मंडळाच्या बैठकीत म्हटलेलं मी ऐकलं नाही. मीही म्हटलेलं नाही, हे कबूल करते. या दशलक्षणात म्हणणार आहे.

आणखी एक. आई गेल्यावर तीन आठवड्यांनी त्या नर्सबाईंचा फोन आला. बिल बाकी नव्हतं, काम काही नव्हतं. झोप लागते का, एवढं विचारायला केला होता. मी नाही म्हणाले आणि बराच वेळ रडले. पलीकडे त्या फोन धरून बसल्या होत्या.

बहिणीला मी एक युक्ती सांगितली होती की दोन्ही ठिकाणी रात्री साडेअकराला फोन कर. तिने केला. एका ठिकाणी सकाळी दहानंतर संपर्क करा असा रेकॉर्ड केलेला आवाज. दुसऱ्या ठिकाणी एका बाईने उचलला आणि नाव-गाव विचारायच्या आधी म्हणाली, "आजोबांना आत्ता दुखतंय का?"

सोमवारी त्यांना तिथं आणतायत. तिथल्या भाजीत कांदा असतो, लसूणही असतो. सकाळचा आणि साडेपाचचा डबा माझ्याकडून जाईल. दोन गल्ल्या ओलांडल्या की तिथं पोचता येतं. आजोबांना मऊ मुगाची खिचडी चालते म्हणे, हिंग जरा जास्त.