सरासरीच्या नद्या

‘हवामानबदलामुळे नदी आटली’ हे वाक्य हल्ली इतक्या सहजपणे लिहिले जाते की त्यातला कर्ता कोण, हे विचारावेसे कुणाला वाटत नाही. व्याकरण शिकवून पोट भरणाऱ्या आमच्यासारख्यांना मात्र ते खटकते. या वाक्यात माणूस कुठेच नाही.

अमेरिकेतील कोलोरॅडो नदी पाहा. १९२२ साली सात राज्यांनी करार करून ती वाटून घेतली. वरच्या खोऱ्याला वर्षाकाठी ७५ लाख एकर-फूट, खालच्याला तेवढेच; १९४४ साली त्यात मेक्सिकोच्या १५ लाखांची भर पडली. हा हिशेब ज्या वर्षांच्या मोजमापांवर बेतला ती विलक्षण ओली होती. तसा काळ कित्येक शतकांत क्वचितच आला होता, हे पुढे वृक्षांच्या वलयांवरून उघड झाले. पण त्याच दशकात ई. सी. लारू हे सरकारी जलतज्ज्ञ एवढे पाणी नदीत नाही असे सांगत होतेच की! त्यांचे ऐकले गेले नाही. खोऱ्यातील मूळ रहिवासी जमातींना तर कुणी बोलावलेही नव्हते.

मग तापमानवाढ आली. २००० ते २०१४ या काळात प्रवाह विसाव्या शतकाच्या सरासरीहून १९ टक्क्यांनी घटला, आणि अभ्यासकांच्या मते या घटीचा सुमारे तिसरा हिस्सा निव्वळ उष्णतेचा आहे. बर्फ लवकर वितळते, उघडी पडलेली जमीन अधिक ऊन शोषते, माती आणि झाडे अधिक पाणी पितात. बर्फ तेवढेच पडले तरी नदीपर्यंत कमी पोहोचते. २०२२ साली मीड जलाशय १९३७ नंतरच्या नीचांकाला गेला. उष्णतेने संकट वाढवले, हे निर्विवाद. खोटी वही लिहिणारा हात मात्र तिचा नव्हता.

तशीच वही आपल्या घरातही आहे. १९७३ साली बच्छावत लवादाने कृष्णा वाटली ती मागच्या नोंदींवरून, ७५ टक्के विश्वासार्हतेचे, म्हणजे चारांपैकी तीन वर्षे मिळेलच असे २०६० टीएमसी पाणी धरून. २०१० साली दुसऱ्या लवादाने ६५ टक्के विश्वासार्हतेचे पाणीही वाटून टाकले. विश्वास कमी केला की पाणी वाढते, हा चमत्कार आमच्या वाचनातल्या कोणत्याही संतचरित्रात नाही.

आणि सरासरी कुणाच्या दारात येत नाही. दारात आला तो २०१९ च्या ऑगस्टमधला पूर. सांगलीत धोक्याची पातळी ४५ फूट असताना कृष्णा ५७ फुटांवर गेली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. २०२३ साली त्याच जिल्ह्यातले काही तालुके सरकारला दुष्काळग्रस्त जाहीर करावे लागले. प्रत्येक वेळी निसर्गाचा कोप म्हणून आपण मोकळे झालो. पूररेषेच्या आतल्या बांधकामांच्या परवानग्या निसर्गाने दिल्या नव्हत्या. त्या कागदांवर सह्या आहेत, आणि सह्यांखाली तारखाही.